लाल दोऱ्याची सुकेळी

हंसा राऊत कशालाच घाबरत नाही, असं निर्मळमध्ये सगळ्यांचं मत होतं, आणि ते मत तिनेच पसरवलेलं होतं. वाडीत धामण निघाली की शेजारचे बाप्ये काठी कुठे ठेवली ते आठवत उभे राहायचे. ही बाई तिला शेपटीला धरून पाटापलीकडे सोडून यायची आणि हात धुऊन पुन्हा फुलं खुडायला बसायची. नवरा फौजेत हवालदार, वर्षातले दहा महिने बाहेर. सासू विमलाबाई गुडघ्यांनी अधू. मुलगी पूर्वी नववीत. केळीची वाडी, मोगऱ्याचे वाफे, स्कूटरवर पानांचे भारे लादून वसईचा बाजार, सगळं हंसाच्याच अंगावर. "रँक त्याला, पण पलटण हिची," असं गावात म्हणत, आणि ते ऐकून ती खूश व्हायची. का होऊ नये?

तर अशी ही बाई महाशिवरात्रीच्या सकाळी दहा वाजता घाबरली, आणि तेही सुकेळीच्या एका पुडक्यावरून.

सुकेळी म्हणजे वसईच्या वाडीवाल्यांचा अभिमान. पिकलेली राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात मांडवावर वाळवायची, रोज परतायची, संध्याकाळी दव लागू नये म्हणून झाकायची. मधासारखी तांबूस झाली की वाळल्या पानात घट्ट गुंडाळून केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधायची. उपासाला चालते, महिनोन् महिने टिकते, आणि ज्याला माहीत नाही त्याला कातड्याचा तुकडा वाटते. ज्याला वाटते त्याला वाटू द्यावं, तेवढीच आपल्याला जास्त उरते.

सरोजिनीकाकी, म्हणजे हंसाची चुलतसासू, ओट्यासमोर उभी होती. एका हातात उघडलेलं पुडकं. दुसऱ्या हातात गोळ्यांची एक चंदेरी पट्टी.

"गो हंसा," ती म्हणाली, "तुमच्या केळीला आता गोळ्या धरायला लागल्या काय?"

हंसा हसणार होती. तेवढ्यात तिला काकीच्या बोटाला गुंडाळलेला लाल दोरा दिसला.

"हे पुडकं तुमच्याकडे कसं आलं?"

"कसं म्हणजे? तुझ्या सासूनेच वानोळा पाठवलान ना! तीन आठवडे झाले. म्हटलं, शिवरात्रीच्या उपासालाच सोडू."

आतून विमलाबाईंचा आवाज आला. "मीच दिली गो. लाल दोरा बांधून तीन पुडकी तू बाजूला ठेवली होतीस. मी म्हटलं, वानोळ्याचीच असतील, चांगली चांगली निवडलेली. एक काकीला, एक नायगावला तुझ्या नणंदेला, हेमालीला, एक सातिवलीला माझ्या भाच्याच्या, विकीच्या गाळ्यावर. आणि त्यांच्या जागी साधी तीन पार्सलात घातली. का, काय झालं?"

म्हातारीची काहीच चूक नव्हती. या घरांत पहिला माल कधी आपण खात नाही. आधी भाऊबंदांना, लेकीसुनांना वानोळा जातो, आणि जातो तोही निवडक. दोरा बांधून वेगळं ठेवलेलं म्हणजे देण्याचं, हे विमलाबाई सत्तर वर्षं बघत आल्या होत्या. सुनेने तोच दोरा दुसऱ्या कामासाठी बांधला असेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"आमच्या धवलने मोबाईलवर नाव टाकून बघितलंन," काकी आवाज खाली आणून म्हणाली. खरं तर तिचा खाली आणलेला आवाज दोन वाड्या पलीकडे ऐकू जातो. "डोक्याच्या गोळ्या आहेत म्हणतो. कोणाच्या गो?"

"माझ्या," हंसा म्हणाली.

विचार करायला वेळच नव्हता. काकीच्या भुवया कपाळात गेल्या. "अगो बाई," एवढंच ती म्हणाली, पट्टी ओट्यावर ठेवली आणि देवळाच्या रांगेकडे निघाली. आज रांगेत पाच गावांच्या बायका उभ्या असणार होत्या. हंसाला त्याचं काही नव्हतं. ती खांबाला धरून बोटांवर दिवस मोजत होती. तीन पुडकी, तीन पट्ट्या, तीस गोळ्या. त्या इथेच राहिल्या. म्हणजे आधीच्या संपल्यापासून तिच्या नवऱ्याकडे, शत्रुघ्नकडे, गेले तेरा दिवस एकही गोळी नव्हती.

हे समजायला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मागे जावं लागेल.

शत्रुघ्न दिवाळीला घरी आला तो अर्धाच आला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या सेक्शनमधला एक पोरगा बर्फात गेला होता, याच्या डोळ्यांदेखत. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि फौजी माणसाला विचारायचं नसतं असं हंसाने स्वतःच ठरवून टाकलं होतं. पण या खेपेला तो झोपतच नव्हता. जेवताना घास हातात धरून बसायचा. पूर्वीने गणितात काही विचारलं तर अंगावर ओरडायचा, मग वाडीत जाऊन केळीच्या बुंध्याशी बसून राहायचा.

एका दुपारी दोघं घड उतरवत होती. अचानक त्याने कोयता उलटा करून मूठ तिच्याकडे केली. "हा कुठेतरी ठेव. मला सांगू नको कुठे."

"का? पोरीच्या हाताला लागेल म्हणून?" ती हसत म्हणाली.

"माझ्या," तो म्हणाला.

एवढंच. पुन्हा खाली बघून घडाला दोरी बांधू लागला, जसं काही पाणी मागितलं होतं. हंसाने कोयता तांदळाच्या पिंपात खोल घातला आणि पिंपाचं झाकण लावून त्यावर बसून राहिली. आपण घाबरत नाही म्हणजे काय, तर आजवर आपल्याला घाबरवेल असं काही भेटलंच नव्हतं, हे तिला त्या झाकणावर बसून कळलं. धामणीला निदान शेपूट असतं धरायला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला स्कूटरवर घालून वसईला ग्लोरिया डॉक्टरांकडे नेलं. मनाच्या आजाराच्या डॉक्टर. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली बेकरी. जन्मात कधी हेल्मेट न घालणारी ही दोघं नवराबायको त्या दिवशी हेल्मेट घालून जिना चढली आणि दारात पोचल्यावरच ती काढली. कोणी ओळखीचं भेटलं तर? पाव घ्यायला आलोय म्हणून सांगायचं, हेही ठरलं होतं. हेल्मेट घालून पाव घ्यायला.

डॉक्टर तासभर त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. मग हंसाला आत घेतलं. गोळ्या दिल्या, महिन्याच्याच, जास्त नाहीत. आणि एक बंद पाकीट दिलं. "हे पलटणीच्या डॉक्टरला द्यायचं. हा आजार आहे, औषधाने आटोक्यात येतो. पण लपवून ठेवायचा नाही, आणि गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत."

घरी आल्यावर शत्रुघ्नने पाकीट तिच्या हातात दिलं. "फाडून टाक."

"अहो, पण..."

"तुला माहीत नाही तिथलं. एकदा हे कागदावर आलं की हत्यार काढून घेतात. रायफल नाही, पहारा नाही, जा लंगरमध्ये बटाटे सोल. तोंडावर हवालदार साब म्हणणार आणि पाठीमागे..." त्याने कानशिलाजवळ बोट फिरवलं. "मेमध्ये नायब सुभेदारीचा बोर्ड आहे माझा. सतरा वर्षं घातली आहेत मी. वेड्याचा शिक्का घेऊन घरी यायला नाही."

हंसाने पाकीट फाडलं नाही, पूर्वीच्या जुन्या दप्तरात घातलं. पण दिलंही नाही. डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा, "हो, दिलं, तिकडचे डॉक्टर बघतात," असं बेधडक सांगितलं. मग चिठ्ठीवर गोळ्या घ्यायच्या आणि छप्पन्न एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या पत्त्यावर पाठवायच्या. अडचण एकच होती. घरून आलेलं पार्सल बराकीत एकट्याने फोडायचं नसतं. खाटेवर सगळ्यांसमोर उघडतात, ज्याचा हात पोचेल त्याचा घास. म्हणून सुकेळी. साधी पुडकी पोरांना, लाल दोऱ्याची तीन त्याची. दोन पार्सलं बिनबोभाट पोचली. आपण किती हुशार, असं तिला दोन्ही वेळा वाटलं होतं.

तिसरं पार्सल पोचलं तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "मिळालं." बस्स. गोळ्या नाहीत, असं म्हणालाच नाही. का नाही म्हणाला? हंसाने खांब सोडला आणि मोबाईल काढला. तिने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. अकरा वेळा लावला.

"आई, मी येते," एवढं म्हणून तिने स्कूटर काढली.

निर्मळ ते वसई रस्ता तिच्या पायाखालचा. पण त्या दिवशी तिला वाटेत दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली, पुन्हा फोन लावून बघायला. महादेवाला निघालेली माणसं समोरून येत होती, बेलाची पानं, दुधाच्या पिशव्या. कोणीतरी ओळखीचं हाक मारून गेलं. तिला कोण ते दिसलंच नाही.

ग्लोरिया डॉक्टरांचा दवाखाना शिवरात्र असो की गुड फ्रायडे, दुपारपर्यंत उघडा असतो. समोरच्या बाकावर तीन पेशंट होते. हंसा सरळ आत घुसली. हेल्मेट घालायचं तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

सगळं ऐकून डॉक्टरांनी आधी एकच विचारलं. "पलटणीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या असतील ना?"

"त्यांना माहीतच नाही," हंसा म्हणाली. "मी पत्र दिलं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टर वयाने तिच्याएवढ्याच असतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि हंसाला वाटलं, आता ही बाई आपल्याला मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कोयत्याचं तुला आठवतं ना?" त्या म्हणाल्या. "इथे तो लपवायला तू होतीस. तिथे त्याच्या खांद्यावर रायफल आहे. ती कोण लपवणार?"

हंसाने पिशवीतून फोन काढला.

"त्याच्या वरच्या साहेबांचा नंबर आहे? लाव. आत्ता."

"त्यांची नोकरी जाईल, डॉक्टर. ते मला जन्मात माफ करणार नाहीत."

"नाही करणार कदाचित. माफ न करायला तरी माणूस असायला हवा."

नंबर होता. सुभेदार साहेबांचा. घरात काही मयत-बियत झालं तर कळवायला म्हणून शत्रुघ्ननेच लिहून दिलेला. हंसा फोन घेऊन गॅलरीत आली. नंबर काढला. अंगठा त्यावर धरला आणि तसाच ठेवला. सतरा वर्षं. हत्यार काढून घेणार. पोरं कानशिलाजवळ बोट फिरवणार. आणि हे सगळं कोणी केलं, तर बायकोने. कदाचित त्याला काही झालंच नसेल, कदाचित तो आता जेवत असेल आणि आपण त्याचं वाटोळं करतोय. अशी ती उभी असताना हातातला फोनच वाजला. शत्रुघ्न.

"अहो! कुठे होता? किती फोन केले!"

"रेंज नव्हती. कशी आहेस?"

कशी आहेस? लग्नाला पंधरा वर्षं झाली, या माणसाने फोनवर कधी तिला असं विचारलं नव्हतं. तो 'काय म्हणते' म्हणायचा, तेही उत्तराची वाट न बघता.

"मी बरी आहे. ऐका, गोळ्यांचा घोळ झाला. आईंनी चुकून..."

"राहू दे गं. आता त्यांची गरज नाही." आवाज शांत होता. "आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, औषध लावत जा. पूर्वीला सांग, गणिताला घाबरू नको. दिवाळीत मी उगीच ओरडलो तिच्यावर. आणि तुझा भाऊ, लग्नात मी त्याच्याशी भांडलो होतो बघ, त्याला म्हणावं, मनात ठेवू नको."

"अहो, हे काय मध्येच?"

"काही नाही. आठवलं म्हणून. बरं वाटतंय आज, हंसा. खरंच बरं वाटतंय. ठेवतो."

फोन बंद झाला.

सहा महिन्यांत नवरा पहिल्यांदा गोड बोलला होता, आणि त्या गोडव्याने तिच्या अंगावर सरसरून काटा आला. गावाला निघालेला माणूस जसा घरोघर जाऊन कोणाचं काही राहिलंय का विचारतो, तसं तो बोलत होता. परत यायचं असलेला माणूस असं बोलत नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण ते तिला तिच्या नावासारखं पक्कं कळलं.

तिने सुभेदार साहेबांना फोन लावला. खरं सांगायचं तर रिंग वाजत होती तेव्हा तिच्या मनातला एक कोपरा म्हणत होता, उचलू नकोस बाबा, उचलू नकोस.

"बोला."

"मी हवालदार शत्रुघ्न राऊतांच्या घरून बोलतेय. हंसा. साहेब, त्यांना बरं नाही. मनाचं. गोळ्या चालू होत्या, मी लपवून पाठवत होते. तेरा दिवस झाले, बंद आहेत. आत्ता ते माझ्याशी बोलले, आणि... साहेब, त्यांच्याकडची रायफल घ्या. पाया पडते तुमच्या. त्यांना एकटं सोडू नका."

आता हसतील, आता ओरडतील, आता म्हणतील काय बाई आहे.

"किती वाजता बोलला तुमच्याशी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली."

"बरं. वैनी, ऐका. तुम्ही फोन जवळ ठेवा, त्याला करू नका. मी स्वतः जातोय." आवाज साताऱ्याकडचा, जाडाभरडा. ठेवता ठेवता तो थांबला. "तीन वर्षांमागं एका घरातनं आम्हाला असाच फोन यायला पायजे होता. आला नाही. तुम्ही केलात ते बरं केलंत."

त्यानंतर एक तास चाळीस मिनिटं हंसा त्या बाकावर बसली होती. पेशंट आले, गेले. डॉक्टरांनी चहा पाठवला, त्यावर साय धरली. खालच्या बेकरीतून भाजल्या पावाचा वास येत होता. शेजारी बसलेल्या एका म्हातारीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ती म्हातारी कोण, कुठली, तिलाही कसला आजार होता, काही कळलं नाही. दर मिनिटाला हंसा फोन बघत होती. पोचले असतील का? ठाणं किती लांब असेल? मधे बर्फ असेल का? तो आधीच कुठे निघून गेला असेल तर? देवाचं नाव घ्यावं तर शिवरात्रीच्या दिवशी तिला एकही स्तोत्र आठवत नव्हतं. नुसतं 'नको, नको' एवढंच तोंडात येत होतं.

दोन वाजता फोन वाजला.

"वैनी, भेटला. माझ्या शेजारी बसलाय, चहा घेतोय. रायफल माझ्याकडं आहे. डॉक्टर साहेब येतायत. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतोय. राहू द्या आत्ता."

हंसा तिथेच मोठ्याने रडली, लोकांसमोर, बाकावर, तोंडावर पदरही न घेता.

घरी येऊन तिने सासूला सगळं सांगितलं. विमलाबाई खुर्चीत बसल्या बसल्या ताठ झाल्या. "म्हणजे माझ्या पोराला तू वेडा ठरवलंस," त्या म्हणाल्या. "सगळ्या पलटणीसमोर. त्याचं हत्यार काढून घ्यायला लावलंस." त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं सोडलं. पाणी हवं असलं तरी पूर्वीला हाक मारायच्या. आणि शत्रुघ्नचाही फोन नाही. तो फौजेच्या हॉस्पिटलात आहे, झोपतो, जेवतो, एवढं सुभेदार साहेबांनी कळवलं. मेचा बोर्ड या वर्षी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासतील, मग बघू. औषध घेऊन पुन्हा उभे राहिलेले दोघे याच पलटणीत आहेत, असंही ते म्हणाले, पण हंसाला फक्त 'या वर्षी नाही' तेवढं ऐकू आलं.

गावात तोवर हंसाच वेडी ठरली होती. फुलं खुडायला येणाऱ्या बायका तिच्या हाताचा चहा घेताना कपात डोकावून बघू लागल्या. तिने कोणाला काही सांगितलं नाही. म्हणू दे आपल्याला. रात्रभर ती जागी असायची, आणि तिला भीती याची वाटायची की तो बरा होऊन घरी येईल आणि आपल्याकडे बघणारच नाही. मग दुसरी भीती वाटायची, की बरा होणारच नाही. दोन्हींत धाकटी कुठली हे तिला ठरवता येत नसे.

आठव्या दिवशी सरोजिनीकाकी पुन्हा ओट्यावर आली. हंसा आत भाकरी थापत होती. काकी विमलाबाईंशी आपल्या त्या खालच्या आवाजात बोलत होती. "तुझी सून बिघडली म्हणतात गो. सांभाळून राहा. पोरीला तिच्याजवळ एकटी ठेवू नको."

हंसाचा हात परातीत थांबला.

बाहेर विमलाबाईंची काठी फरशीवर आपटली. "सून नाय गो. माझा शत्रुघ्न आजारी आहे. डोक्याच्या डॉक्टरचं औषध घेतो. हिने सांगितलंन म्हणून मला माझा पोर राहिला. जा, सांग देवळात. मोठ्याने सांग, तुला येतंच."

काकी गेली. विमलाबाई आत आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "हंसा, पाणी दे."

नवव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. हंसाने उचलला आणि श्वासावरूनच ओळखलं. मागे कोणीतरी स्टीलची भांडी हलवत होतं.

"का सांगितलंस?" शत्रुघ्न म्हणाला.

आठ दिवस तिने या प्रश्नाची उत्तरं तयार केली होती. डॉक्टर म्हणाल्या, पूर्वीचा विचार केला, साहेबही म्हणाले बरं केलंस. त्यातलं एकही आलं नाही.

"मला भीती वाटली," ती म्हणाली.

"पुडक्यात गोळ्या नव्हत्या तेव्हा मला वाटलं, तू कंटाळलीस. म्हणून विचारलं नाही."

"अहो, मी? कंटाळेन?" ती म्हणाली. "पुडकीच बदलली होती."

"हंसा," तो म्हणाला. "मलापण भीती वाटत होती. रोज. माझीच. कोणाला सांगू, असं झालं होतं. त्या दिवशी सुभेदार साहेब आले आणि म्हणाले, राऊत, रायफल दे माझ्याकडं. आणि मला एवढं बरं वाटलं..."

तो रडू लागला. हंसाने पंधरा वर्षांत त्याला रडताना ऐकलं नव्हतं. तिने वळून बघितलं, तर विमलाबाई काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या, हात पुढे करून. तिने फोन त्यांच्या हातात दिला. म्हातारीने तो कानाला लावला आणि भिंतीला धरून हळूहळू खाली जमिनीवर बसली. गुडघे वाकत नाहीत तरी बसली. पलीकडे तिचा अडतीस वर्षांचा पोर हमसून हमसून रडत होता, आणि ती ऐकत राहिली, 'गप' म्हणाली नाही.